कार्ड कुणाच्या नावाचं?

बालमित्रांनो, गावातल्या सार्वजनिक वाचनालयात तुम्ही जाता ना? गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट तर तुमच्या अगदी ओळखीचं! पण मासिकांच्या टेबलाकडे कधी नीट पाहिलंत का? तिथे ‘माहेर’, ‘मिळून साऱ्याजणी’ अशी मासिकं असतात. जवळच एखाद्या कपाटात बायकांनी लिहिलेली आत्मचरित्रं असतात. “ते आईचं, आपल्याला काय त्याचं?” असं म्हणून तुम्ही पुढे जाता. आज तिथे जरा थांबू या.

बाईच्या हातात पुस्तक दिसणं ही एके काळी घराघरांत भांडणाची गोष्ट होती, बरं का! रमाबाई रानडे यांचं लग्न १८७३ साली झालं, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पती न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचेना. टोमणे, अबोला, सगळं झालं. रमाबाईंनी शिकणं मात्र सोडलं नाही. पुढे १९१० साली त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक निघालं. हे सगळं त्यांनी त्यात मोकळेपणानं सांगितलं आहे.

मग १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी खास बायकांसाठी ‘स्त्री’ नावाचं मासिक सुरू केलं. त्यात गोष्टी होत्या, घरगुती माहिती होती आणि शिक्षण, लग्न, नोकरी यांवर चर्चाही होती. बायका ते वाचत आणि त्यात लिहीतही. ‘स्त्री’च्या संपादक असलेल्या विद्या बाळ यांनीच पुढे १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं.

आता फलटणच्या बेबीताई कांबळे यांची हकिगत ऐका. त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. माल बांधून द्यायला रद्दी यायची. पुडी बांधण्याआधी बेबीताई त्या कागदावरचा मजकूर वाचून काढायच्या! त्यातून वाचनाची अशी गोडी लागली, की त्या वाचनालयातून पुस्तकं आणू लागल्या. मग त्यांना वाटलं, आपल्या समाजातल्या बायकांनी जे सोसलं, तेही कुणीतरी लिहायला हवं. त्या लिहू लागल्या, पण चोरून! घरच्यांच्या हाती लागू नयेत म्हणून लिहिलेले कागद त्यांनी कित्येक वर्षं लपवून ठेवले. अखेर १९८२ पासून ते लेखन ‘स्त्री’ मासिकात क्रमशः छापून आलं आणि १९८६ साली त्याचं पुस्तक झालं, ‘जिणं आमुचं’. दलित वस्तीतलं त्यांचं बालपण, तिथल्या बायकांचे हाल आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून मुलांना शाळेत घालणाऱ्या आया, सगळं त्यात आहे. पुढे त्याचं इंग्रजीतही भाषांतर झालं.

पाहिलंत ना? पुडीच्या कागदावर वाचणारी बाई लेखिका झाली! त्यासाठी एक वाचनालय लागलं आणि तिचं लिखाण छापणारं एक मासिक लागलं.

आता एक प्रश्न. तुमच्या घरी वाचनालयाचं कार्ड कुणाच्या नावाचं आहे? बाबांच्या? दादाच्या? आईच्या नावाचं आहे का? आणि आजीच्या? “त्यांना वेळ कुठे असतो?” असं म्हणाल. खरंय. पण वेळ का नसतो, याचाही विचार करा. भाजी निवडायला, ताटं घ्यायला तुम्ही बसलात, तर अर्धा तास सहज निघेल. आणि हो, हे काम मुलग्यांनीही करायचं!

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. बायकांची मासिकं ही फक्त बायकांनी वाचायची असं मुलग्यांना वाटू देऊ नका. आईनं कशासाठी काय सोसलं, हे मुलाला तिथेच कळेल.

तर मग या आठवड्यात एवढं करा. आईला किंवा आजीला घेऊन वाचनालयात जा. वर्गणी आणि अनामत किती ते ग्रंथपालांना विचारा. पुस्तक मात्र तिचं तिला निवडू द्या. आजीला बारीक अक्षर दिसत नसेल, तर रोज दोन पानं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. आणि निघण्यापूर्वी वाचनालयाच्या सुट्टीचा वार बघून घ्या हं, नाहीतर हेलपाटा पडायचा!