पहिल्या सरीचा मोह

तिवसा तालुक्यात, गुरुकुंज मोझरीच्या शिवारात मृगाची एक सर पडली आणि शेजारच्या धुऱ्यापलीकडे तिफण दिसली, की हात शिवशिवतात. दुबार पेरणीचं संकट अनेकदा इथूनच सुरू होतं. चूक अज्ञानाची नसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मागे पडण्याची धास्ती आणि शेजाऱ्याकडे पाहून आलेला धीर त्या माहितीवर मात करतात. डॉक्टर आणि वैमानिकही घाईत असेच चुकतात. शेतकऱ्याला वेडा ठरवणं अन्यायाचं आहे.

मग उघाड पडते. तास उकरलं तर ओल जेमतेम दोन बोटं, दाणा फुगून कुजलेला. खरा धोका आता असतो: खर्च झालाय म्हणून नुसती वाट पाहणं, नाहीतर घाबरून सगळंच मोडणं. त्याआधी चार-पाच ठिकाणी मीटरभर तास मोजावं. पाच सेंटीमीटर अंतराने पेरलं असेल तर तिथे २० रोपं हवीत. थोडी कमी असतील तर नांगे भरावेत. तासंच्या तासं रिकामी असतील तरच मोडावं. नव्या बियाण्याचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. किमान ७० उगवले, की पुरेशा पावसानंतर तिफण काढावी.