मूळव्याध समजून वर्षे घालवू नका

शौचावाटे रक्त पडले की वस्तीत निदान ठरलेले : मूळव्याध. कुणी पुडी आणतो, कुणी भिंतीवरची जाहिरात वाचून उपचाराला जातो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ज्या घरात कुणाला पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, त्या घराने तसे धरून चालू नये. वजन उतरणे, अंगातले रक्त कमी होणे, शौचाची सवय बदलणे यांकडेही लक्ष हवे.

आतड्याचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. काही घराण्यांत मात्र धोका जनुकातून उतरतो. लिंच सिंड्रोम हा त्यातला जास्त आढळणारा प्रकार. आई किंवा वडिलांत तो दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. म्हणजे आजोळचा आजार 'आपल्या घराण्यातला नाही' म्हणून सोडता येत नाही. याच दोषाने बायकांना गर्भाशयाचा कॅन्सरही होऊ शकतो. मामाचे आतडे आणि मावशीचे गर्भाशय एकाच हिशेबात धरायचे. दोष मिळाला म्हणजे कॅन्सर होणारच, असे मात्र नाही.

आपले लोक हे लपवतात. 'पोटाच्या दुखण्याने गेले' एवढेच सांगतात, कारण पोरीचे लग्न अडेल. कुणी करणी म्हणते, कुणी मागच्या जन्मीचे पाप. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे ऐकले की आम्हाला रागच येतो! पुण्यानुमोदनाला नातेवाईक जमतात, तेव्हा विचारा : कुणाला, कुठला कॅन्सर, कितव्या वर्षी? आजी-आजोबांपासून तीन पिढ्या वहीत लिहा. वय विसरू नका.

वही डॉक्टरांना दाखवा. आईवडील वा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्या माणसाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षे, जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची असते. लिंच असेल तर विशी-पंचविशीपासूनच, दर एक-दोन वर्षांनी. शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालतात. लाज वाटते, खरे आहे. पण आतड्यात वाढलेला पॉलिप, म्हणजे छोटी गाठ, तिथेच काढता येते, कॅन्सर होण्याआधी.

जनुकाची तपासणी शक्यतो आधी आजारी माणसाची करतात. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये यासाठी कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे. जाताना वहीबरोबर जुने कागद न्या. गेलेल्या माणसाचे कपडे वाटून टाका, पण बायोप्सीचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा.