ज्वरातिसार : दोन व्याधींची बेरीज नव्हे

वर्षाऋतूत चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांमध्ये एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात. पहिल्या दिवशी अंगात कणकण, शिरःशूल, अंगमर्द, अरुची आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पातळ जुलाब. आधुनिक वैद्यक यांपैकी बहुतेकांस विषाणुजन्य आंत्रशोथ म्हणते. रोटाव्हायरस व नोरोव्हायरस हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी होत. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली, तरीही या तक्रारीचे रुग्ण आपल्याकडे येतच राहतात. चक्रदत्त व भैषज्यरत्नावली या ग्रंथांत ज्वर व अतिसार ही प्रकरणे असताना ज्वरातिसाराचे प्रकरण निराळे आहे. ते निराळे का, याचा विचार व्यवहारात फारसा होत नाही असे आम्हांस वाटते.

आम्हीही तो एके काळी केला नव्हता. व्यवसायाच्या प्रारंभीच्या वर्षांत शेतमजुरी करणारी एक स्त्री दोन दिवसांचा ज्वर व दिवसास आठ-दहा जुलाब घेऊन आली. जिव्हा साम, उदर जड, मूत्र अल्प. आम्ही ज्वरासाठी त्रिभुवनकीर्ती व अतिसारासाठी कुटजघन वटी दिली, लंघन सांगितले आणि पाण्याविषयी एक शब्दही बोललो नाही. सायंकाळी जुलाब थांबले. घरच्यांनी समाधान व्यक्त केले व आम्हीही ते मानून घेतले. मध्यरात्री आध्मान, उलट्या व वाढलेला ज्वर घेऊन रुग्णा परत आली. मूत्र सकाळपासून झालेलेच नव्हते. तिला रुग्णालयात दोन दिवस शिरेवाटे सलाईन द्यावे लागले. रुग्णा बरी झाली, परंतु ते श्रेय आमच्या चिकित्सेचे नव्हते.

चूक द्रव्यांत नव्हती, योजनेत होती. ज्वरघ्न योगांत कटुकी, आरग्वध, त्रिवृत यांसारखी भेदन वा सारक द्रव्ये पुष्कळ असतात. अतिसारघ्न योग बहुशः स्तंभन असतात. म्हणून ग्रंथकार बजावतात की ज्वराची आणि अतिसाराची स्वतंत्रपणे सांगितलेली औषधे ज्वरातिसारात एकत्र देऊ नयेत, कारण ती परस्परांच्या व्याधीस वाढवितात. कटुकीयुक्त सुदर्शन दिले तर जुलाब वाढतात. कुटजाने जुलाब अडविले तर आम कोठ्यात राहतो, स्रोतोरोध दृढ होतो आणि ज्वर वाढतो. त्रिभुवनकीर्तीचे तर आणखी निराळे आहे. हा तीक्ष्ण, उष्ण व स्वेदजनन कल्प ज्याच्या शरीरातून जलांश आधीच निघून गेला आहे त्यास देऊन घाम काढणे म्हणजे उरलेला जलांशही काढून घेणे होय.

आमावस्थेत स्तंभन करू नये, हा नियम चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १९ व्या अध्यायात सांगितला आहे आणि तो मोडल्यास होणाऱ्या विकारांत अलसक, आध्मान, ग्रहणी, शोथ, पांडू असे अनेक विकार मोजले आहेत. प्रश्न आम ओळखण्याचा आहे. साम मल पाण्यात बुडतो व पक्व मल तरंगतो ही परीक्षा आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेली असते. तिला जोडलेला अपवाद मात्र विसरला जातो. मल अतिद्रव, अतिसंहत, शीत किंवा कफयुक्त असेल तर ही परीक्षा ग्राह्य नाही. विषाणुजन्य अतिसारातील मल अतिद्रवच असतो. तेव्हा येथे भिस्त जिव्हेवरील लेप, उदरगौरव, मलाची दुर्गंधी व पिच्छिलता, हृल्लास आणि मुख्यतः क्षुधा यांवर ठेवावी.

या व्याधीत ज्वर व अतिसार या दोहोंस मान्य असा मार्ग एकच, तो म्हणजे लंघन व पाचन. परंतु लंघन म्हणजे निर्जल उपवास नव्हे. हे वाक्य रुग्णाच्या घरच्यांना दोनदा सांगावे. रुग्णाचे बल राखूनच लंघन करावयाचे असते, आणि अतिसारात बल पाण्याबरोबर व लवणाबरोबर जाते. स्तनपान करणाऱ्या बालकाचे स्तनपान तर एक वेळही थांबवू नये.

तृष्णेसाठी आम्ही षडंगोदक वापरतो. मुस्ता, पर्पटक, उशीर, चंदन, वाळा (उदीच्य) व शुंठी समभाग घेऊन त्यांच्या भरडीच्या चौसष्ट पट पाण्यात उकळून निम्मे उरवावे. म्हणजे दोन लिटर पाण्यास भरड सुमारे ३० ग्रॅम व उरलेले पाणी एक लिटर. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. षडंगोदकात सोडियम नगण्य असते. ते तृष्णा शमविते, पाचन करते, पण गेलेले लवण भरून काढत नाही. ते काम जलसंजीवनीचे. १९७१ साली बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या उपायाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले तो उपाय वापरण्यात आयुर्वेदाचा कोणताही कमीपणा नाही. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषले जाते व त्यामागे पाणी जाते, हे त्याचे तत्त्व.

हेच तत्त्व पेयेत दिसते. शार्ङ्गधरांनी पेयेस तांदळाच्या चौदा पट पाणी सांगितले आहे. या पिष्टापासून आतड्यात हळूहळू ग्लुकोज मुक्त होते, आणि एक लिटर पेजेस चहाचा सपाट अर्धा चमचा सैंधव घातले की सोडियमही मिळते. ज्वरातिसारासाठी पृश्निपर्णी, बला, बिल्व, धने, शुंठी व कमळ यांनी सिद्ध करून डाळिंबाने आंबट केलेली पेया ग्रंथोक्त आहे. सहा द्रव्ये जमविणे घरी होत नाही, तेव्हा धने-शुंठीच्या पाण्यात केलेली साध्या तांदळाची किंवा साळीच्या लाह्यांची पेज व त्यात डाळिंबाचा रस एवढे आम्ही सांगतो. उलटी होत असल्यास दर दोन-तीन मिनिटांस एक चमचा. घोटभर दिले की उलटते आणि मग पोटात काही टिकत नाही म्हणून सर्वच बंद केले जाते. थंड पेये व बाटलीबंद फळरस देऊ नयेत. त्यांतील अतिरिक्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते व जुलाब वाढविते.

औषधांत आमचा भर नागरादि क्वाथावर आहे : शुंठी, अतिविषा, मुस्ता, किराततिक्त, गुडूची व इंद्रयव. यातील युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. मुस्ता व अतिविषा या दोहोंस चरकांनी दीपन, पाचन व सांग्राहिक या तिन्ही कर्मांत श्रेष्ठ म्हटले आहे. म्हणजे संग्रहण आहे, पण ते आमाच्या पाचनाशिवाय नाही. नवज्वरात कषाय निषिद्ध ना, अशी शंका येथे घेतली जाते. चरकांचा निषेध कषाय रसाचा आहे, क्वाथ या कल्पनेचा नाही. तरीही आम्ही पहिल्या दिवशी केवळ षडंगोदक व पेया देतो, आणि जिव्हा थोडी स्वच्छ झाली, अन्नाचा द्वेष कमी झाला की १० ग्रॅम भरडीचा १६० मिली पाण्यात चतुर्थांश उरविलेला क्वाथ दोन वेळा सुरू करतो. कुटजाचे कल्प ज्वर उतरून आम पचल्यावरही जुलाब राहिले तरच. बहुतेकांत ती वेळ येत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधुभगिनींसाठी दोन शब्द. 'ताप आणि जुलाब, दोन्हींवर काहीतरी द्या' अशी मागणी वैद्याकडे येण्याआधी आपल्या खिडकीवर येते. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांत वत्सनाभ व हिंगुळ, तर कर्पूररसात अहिफेन आहे. ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये असून अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. ती विक्रेत्यासाठीही आहे असे आम्ही मानतो. बालकास अहिफेनयुक्त कल्प कदापि देऊ नये. अतिविषा महाग असल्याने तिच्यात भेसळ फार होते. खात्रीची न मिळाल्यास संशयास्पद मालापेक्षा शास्त्रोक्त प्रतिनिधी मुस्ता घालावी व तसे वैद्यास कळवावे. जलसंजीवनी देताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच पुडी, म्हणजे एक लिटर पाण्यास २०.५ ग्रॅमची, द्यावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरण्यास मनाई केली ती याच गोंधळामुळे. बालकांस त्यासोबत जस्त द्यावे : सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १० मिलिग्रॅम, दहा ते चौदा दिवस.

मलात रक्त, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, सहा-आठ तास मूत्र नसणे, खोल गेलेले डोळे, ग्लानी, पिणे अशक्य होणे, यांपैकी काहीही असल्यास आपल्या औषधाची परीक्षा पाहत बसू नये. नेत्र व मूत्र पीत झाल्यास कामलेचा विचार करावा. गर्भिणीत तर तो विलंब न लावता करावा, कारण हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डेंग्यूतही ज्वराबरोबर उलट्या व जुलाब असू शकतात, आणि त्यातील धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ज्वर उतरत असतानाच सुरू होतो. घरची मंडळी व कधी कधी वैद्यही नेमके त्याच दिवशी निर्धास्त होतात. अशा वेळी ज्वरमुक्तीची ग्रंथोक्त लक्षणे पडताळावी : घाम, शरीराचा हलकेपणा, शिंका, डोक्यास कंडू, मुखपाक आणि अन्नाची इच्छा. उष्मा गेला, पण अंग जडच आहे, अन्न नको आहे, पोट दुखते, उलटी थांबत नाही, हातपाय गार व मन अस्वस्थ, तर ती ज्वरमुक्ती नव्हे. नाक किंवा हिरड्यांतून रक्त येते का हे विचारावे. अंगदुखीसाठी रुग्णाने ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅक घेतले आहे का हेही विचारावे व ते बंद करावे. अशा रुग्णाच्या प्लेटलेट व हिमॅटोक्रिट यांची तपासणी त्याच दिवशी करवून, अहवालाची वाट न पाहता त्यास रुग्णालयात पाठवावे.