'दऱ्या' आणि 'दर्या': मराठीची चाचणी पायटेस्टवर

'दऱ्या' डोंगरात असतात आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. तुम्हाआम्हाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. संगणकाला शिकवावा लागतो. शिकवलेलं अजून शाबूत आहे ना, हेही प्रत्येक बदलानंतर तपासावं लागतं.

युनिकोडमध्ये 'दऱ्या'तला अर्धा र तीन प्रकारे लिहिता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह (क्रमांक ०९३१) आणि हलंत. दोन, साधा 'र' (०९३०), नुक्ता आणि हलंत. तीन, साधा 'र', हलंत आणि 'झीरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे शब्द. म्हणून आईने पाठवलेल्या पाककृतींत 'पुऱ्या' शोधल्या आणि मिळाल्या नाहीत, तरी त्या तिथे असू शकतात.

'एनएफसी' हे युनिकोडचं प्रमाणीकरण पहिले दोन प्रकार एक करतं. तिसरा उरतोच. मग 'अदृश्य चिन्हं काढून टाका' असा सोपा उपाय सुचतो. तो केला की दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य! योग्य उपाय वेगळा: 'र, हलंत, जॉइनर' दिसलं की त्या जागी 'ऱ, हलंत' ठेवायचं.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. इथे अल रय्यानमध्ये, एज्युकेशन सिटीतल्या कतार कम्प्युटिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने अरबीसाठी 'फरासा' ही साधनं तयार केली आहेत. अरबीत लोक अलिफ कधी हमझासह लिहितात, कधी हमझाशिवाय. तिथेही काय एक मानायचं आणि काय वेगळं ठेवायचं, हे ठरवावंच लागतं.

ठरवलेलं टिकवण्यासाठी पायथनमध्ये दोन छोटी फंक्शन लिहा. पहिल्यात: तिन्ही 'दऱ्या' प्रक्रियेनंतर एकच व्हायला हव्यात. दुसऱ्यात: 'दऱ्या' आणि 'दर्या' वेगळेच राहायला हवेत. फाइलचं नाव 'टेस्ट' आणि अंडरस्कोरने, फंक्शनचं 'टेस्ट'ने सुरू करा, अपेक्षा 'असर्ट'पुढे लिहा. अक्षरं कॉपी-पेस्ट न करता क्रमांकाने लिहा, कारण पेस्ट करताना ती गुपचूप बदलू शकतात.

आता टर्मिनलमध्ये 'पायटेस्ट' लिहून एंटर दाबा. तो चाचण्या स्वतः शोधून चालवतो. पास झालेल्या चाचणीला टिंब मिळतं, नापास झालेलीला 'एफ', आणि कोणत्या दोन किमती जुळल्या नाहीत तेही दिसतं. शेवटी तो एक क्रमांक परत देतो: सगळं ठीक असेल तर ०, काही नापास असेल तर १. सर्व्हरवर माणूस नसतानाही या क्रमांकावरून सदोष बदल अडवता येतो.

एकही चाचणी सापडली नाही तर क्रमांक ५ येतो. पण दोनपैकी एकाच फाइलचं नाव चुकलं असेल, तर उरलेली पास होऊन ० येईल! म्हणून किती चाचण्या चालल्या तो आकडाही पाहा. शिवाय एकदा मुद्दाम जॉइनर काढून टाकणारी ओळ घाला. चाचणी नापास झाली, तरच ती खरोखर पहारा देते आहे.

पायटेस्टला मराठी येत नाही. आपण लिहू तेवढेच फरक तो सांभाळेल. म्हणून एखाद्या अ‍ॅपमध्ये मराठी बिघडलेली दिसली, तर नुसती तक्रार करू नका. 'हा शब्द दिला, हे अपेक्षित होतं, हे मिळालं' असं कळवा. त्यातून त्यांना थेट चाचणी लिहिता येते.