ट्रेडिंगकडे नेणारी पहिली नोकरी

बंगळुरूत बनशंकरीहून मेट्रोच्या ग्रीन लाइनवर पुढचंच स्थानक जे. पी. नगर. 2010 मध्ये नितीन आणि निखिल कामत यांनी सुरू केलेल्या ‘झिरोधा’ या ब्रोकिंग कंपनीचं मुख्य कार्यालय याच जे. पी. नगरात आहे. ब्रोकिंग कंपनीतली प्रत्येक नोकरी ट्रेडरची नसते. पण बाजार आतून शिकवणारी टेबलं तिथेच असतात.

• डीलर : ग्राहकाची ऑर्डर घेताना शेअर, संख्या आणि भाव परत म्हणून दाखवायचा, ‘हो’ आल्यावरच बटण दाबायचं. फोन रेकॉर्ड होतो. शिस्त इथे अंगी बाणते.

• रिस्क विभाग : मार्जिन कमी पडलं की पोझिशन का कापावी लागते, हे रोज दिसतं. होतकरू ट्रेडरसाठी सर्वांत मोलाची जागा.

• सेटलमेंट : जानेवारी 2023 पासून सर्व शेअरचे व्यवहार सौद्यानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरे होतात. पैसा आणि शेअर कसे फिरतात, ते इथे कळतं.

• बँकेची ट्रेझरी : ब्रोकिंगबाहेर रोखे आणि परकीय चलन शिकायचं असेल तर ही वाट.

परीक्षा : इक्विटी डेरिव्हेटिव्हजच्या डीलरला ‘एनआयएसएम’ या संस्थेची मालिका 8 उत्तीर्ण व्हावी लागते. उत्तीर्णतेला 60 टक्के गुण. चुकीच्या उत्तराला गुणकपात.

आधी हे वाचा : सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष 2022 ते 2024 दरम्यान फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. म्हणून आधी पगार, मग पोझिशन. स्वतःच्या ट्रेडिंगबाबत कंपनीचे नियम रुजू होतानाच विचारून घ्या.