१५ किलोमीटरचा धूमकेतू ११ लाख किलोमीटर दूरवरूनच सूर्याच्या वाऱ्याला ब्रेक कसा लावतो?

मार्च १९८६. युरोपचं जिओटो यान हॅलेच्या धूमकेतूकडे निघालं होतं. धूमकेतू अजून ११ लाख किलोमीटरवर होता, तेवढ्यात यानावरच्या उपकरणांनी वेगळंच काही टिपलं. सूर्याकडून सतत वाहणारा प्लाझ्मा, म्हणजे सौरवारा, तिथेच मंदावून तापायला लागला होता. समोर भिंत असावी तसा.

पृथ्वीसमोरही अशी धक्कालहर असते, पण ती जेमतेम ९० हजार किलोमीटरवर. पृथ्वीकडे भलंमोठं चुंबकीय क्षेत्र आहे. हॅलेकडे ते नाही आणि त्याचा गाभा तर १५ किलोमीटर लांबीचा. मग वारा अडला कशाने?

वाफेने. उन्हाने धूमकेतूचा बर्फ उडतो आणि पाण्याचे रेणू सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने पसरत लाखो किलोमीटर जातात. रेणूवर विद्युतभार नसेपर्यंत सौरवाऱ्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. पण सूर्याच्या अतिनील किरणांनी त्यातला एक इलेक्ट्रॉन उडवला की त्याचा आयन होतो. क्षणात वाऱ्यासोबतचं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र त्याला पकडतं आणि फरफटत नेतं.

फुकटात मात्र नाही. धावत्या हातगाडीवर वाटेत कोणी पोती टाकत गेलं तर गाडी मंदावणारच. इथे गाडी सेकंदाला ४०० किलोमीटर धावतेय आणि पाण्याचं एक पोतं प्रोटॉनच्या १८ पट जड आहे. शास्त्रज्ञ याला ‘मास लोडिंग’ म्हणतात. गणित सांगतं, वाऱ्यातल्या शंभर प्रोटॉनांमागे असे दोन-तीन आयन मिसळले तरी प्रवाह सुरळीत मंदावू शकत नाही, धक्कालहर तयार होते.

धूमकेतूची निळसर शेपटीही यातूनच येते. चुंबकीय रेषा प्लाझ्मात जणू गोठलेल्या असतात. मध्ये प्रवाह मंद, बाजूंना वेगवान, त्यामुळे त्या धूमकेतूभोवती ओल्या कपड्यासारख्या लपेटल्या जातात. हान्स आल्फव्हेन यांनी हे १९५७ मध्येच मांडलं होतं, यान पाठवायच्या कितीतरी आधी!

खरी गंमत रोझेटाने दाखवली. २०१४ मध्ये ते ६७पी धूमकेतूपाशी पोहोचलं तेव्हा तिथे वाफ फारच विरळ होती. नवे आयन एका बाजूला ढकलले जात होते आणि सौरवारा नेमका उलट्या बाजूला वळत होता. न्यूटनचा तिसरा नियम, तोही अंतराळात. धूमकेतू सूर्याजवळ आला, वाफ वाढली आणि २०१५ मध्ये कित्येक महिने रोझेटाच्या आसपास सौरवारा फिरकलाच नाही.

मंगळावर हाच खेळ महागात पडतो. त्याला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही, त्यामुळे वरच्या हवेतले नवे आयन सौरवारा उचलून नेतो. मेव्हन यानाच्या मोजणीनुसार सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम. ऐकायला किरकोळ, पण ही गळती अब्जावधी वर्षं सुरू आहे.