मालखान्यातले सोने आणि वर्दीचे कवच

२० सप्टेंबर १९४७. फाळणीला महिना उलटला होता. अमृतसरचा एक सोन्या-चांदीचा व्यापारी माल विकण्यासाठी फ्रंटियर मेलने मध्यरात्रीच्या सुमारास मेरठला उतरला. चौपला बाजारातून जात असताना तीन शिपायांनी त्याला अडवले, झडती घेतली आणि कोतवालीत नेऊन कोठडीत टाकले. त्याच्याजवळचे १०३ तोळे ६ मासे १ रत्ती सोने आणि दोन मणांहून अधिक चांदी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. पुढे चांदी परत मिळाली, सोने मात्र मिळाले नाही. मालखान्याचा ताबा ज्या हेड कॉन्स्टेबलकडे होता, तो १७ ऑक्टोबरला ते सोने घेऊन पाकिस्तानात पसार झाला होता.

व्यापाऱ्याच्या पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दिवाणी दावा लावला: सोने द्या, नाहीतर त्याची किंमत द्या. पेढीच्या नावाने ओळखला जाणारा, भारतीय कायद्यातला हा प्रसिद्ध ‘कस्तुरीलाल खटला’. पोलिसांच्या चुकीची भरपाई नागरिकाने कोणाकडे मागायची, या प्रश्नाचा इतका विलक्षण नमुना दुसरा सापडणे कठीण.

खटला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे आला. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. पोलिसांचा निष्काळजीपणा न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केला. नियमाप्रमाणे मौल्यवान मुद्देमालाची नीट यादी व्हायला हवी होती, वजन व्हायला हवे होते आणि तो सरकारी खजिन्यात कुलूपबंद राहायला हवा होता. यातले काहीच धड झाले नव्हते. तरीही २९ सप्टेंबर १९६४ रोजी पेढी हरली. अटक करणे, झडती घेणे, माल जप्त करणे ही राज्याची सार्वभौम कामे आहेत आणि त्या कामात नोकराने केलेल्या चुकीसाठी सरकारवर दावा चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या नियमाचा उगम पाहिला की थक्क व्हायला होते. राज्यघटनेच्या कलम ३०० नुसार सरकारवर दावा कितपत चालेल, हे जुन्या कायद्यांवरून ठरते. १९३५, १९१५ आणि १८५८ असा एकेक कायदा मागे जात शेवटी आपण ईस्ट इंडिया कंपनीपाशी पोहोचतो. कंपनीवर जितका दावा चालला असता, तितकाच आजच्या सरकारवर! कंपनीवर कितपत चालला असता, याचे उत्तर १८६१ च्या कलकत्त्यातल्या एका निकालात शोधले गेले. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत कामगार वाहून नेत असलेला लोखंडाचा अवजड तुकडा आदळला, त्या आवाजाने पी अँड ओ या जहाज कंपनीच्या बग्गीचे घोडे बुजले आणि एक घोडा जखमी झाला. भरपाईची मागणी होती ३५० रुपयांची. मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल घोड्याच्या मालकाच्या बाजूने दिला, कारण गोदी चालवणे हे खासगी व्यापारीही करू शकेल असे काम होते. मात्र जाता जाता त्यांनी सार्वभौम सत्तेची कामे वेगळी काढली. घोड्याच्या मालकाला पैसे मिळवून देणाऱ्या निकालातले हे विवेचन शंभर वर्षांनी सोन्याच्या मालकाच्या विरुद्ध गेले.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे सवाल तोच, पण ढाल दुसऱ्याच्या हाती. १८७१ मध्ये कू क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांना आळा घालण्यासाठी अमेरिकी काँग्रेसने एक कायदा केला. सरकारी अधिकारात राहून कोणी घटनादत्त हक्क तुडवले, तर पीडित नागरिक त्या व्यक्तीवरच दिवाणी दावा लावू शकतो. कायद्याच्या मजकुरात पोलिसांना सूट दिलेली नाही. ती नंतर न्यायालयाने घडवली. १९६१ मध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय धर्मगुरू मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या बस प्रतीक्षागृहात एकत्र गेले म्हणून पकडले गेले. त्यांच्या दाव्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रामाणिक समजुतीने अटक करणाऱ्या पोलिसांना बचावाची वाट दिली. १९८२ मध्ये कसोटी बदलली. अधिकाऱ्याचा हेतू काय होता हे मागे पडले. त्याने मोडलेला हक्क त्या वेळी ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ झालेला होता का, एवढेच पाहिले जाऊ लागले. यालाच ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ म्हणतात.

ही कसोटी व्यवहारात कुठवर जाते, ते कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहराच्या प्रकरणात दिसते. २०१३ मध्ये बेकायदा जुगाराच्या तपासात तिथल्या पोलिसांनी वॉरंट घेऊन झडती घेतली. जप्तीच्या कागदावर सुमारे ५० हजार डॉलर लिहिले गेले. मालकांचा आरोप असा की प्रत्यक्षात त्याहून सव्वादोन लाख डॉलरची जास्त रोकड आणि दुर्मीळ नाणी नेली आणि वरचा ऐवज अधिकाऱ्यांनी खिशात घातला. आरोप सिद्ध होण्याची वेळच आली नाही. वॉरंटखाली जप्त केलेला ऐवज चोरला तर अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण देणारी घटनेची चौथी दुरुस्ती मोडते, हे तेव्हा स्पष्टपणे प्रस्थापित नव्हते, म्हणून २०१९ मध्ये अपील न्यायालयाने अधिकाऱ्यांना कवच दिले. चोरी नैतिकदृष्ट्या चूक आहे हे त्यांना कळायला हवे होते, असेही त्याच निकालात म्हटले आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. मेरठमध्ये कवच सरकारला मिळाले, फ्रेस्नोमध्ये अधिकाऱ्यांना. दोन्हीकडे दावा लावणारा रिकाम्या हाताने परतला.

कवचाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नाही. दंगलीत, पाठलागात, रात्रीच्या नाकाबंदीत पोलिसाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. प्रत्येक निर्णयामागे घरदार विकावे लागण्याची भीती उभी राहिली तर तो हात आखडता घेईल आणि त्याची झळ सामान्य माणसालाच बसेल. खोटे दावे लावून प्रामाणिक अधिकाऱ्याला जेरीस आणणारेही असतात. म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १५९ ने सद्भावनेने कर्तव्य बजावणाऱ्याला नुकसानभरपाईपासून संरक्षण दिले आहे, आणि ते रास्त आहे.

पण अधिकाऱ्याचे घर वाचवायचे म्हणजे पीडिताचा दावाच मारायचा, हे गणित चुकीचे आहे. अमेरिकी कायदेतज्ज्ञ जोआना श्वार्ट्झ यांनी २००६ ते २०११ या काळातल्या भरपाईच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या पाहणीत पीडितांना मिळालेल्या रकमेपैकी ९९.९८ टक्के पैसा सरकारी तिजोरीतून गेला होता. अधिकाऱ्यांच्या खिशाला जवळपास तोशीस नव्हती. ज्या भीतीपोटी कवच घातले, ती बहुतांशी कागदावरच होती.

भारतात मात्र न्यायालयांनी दुसरी वाट काढली. बिहारमधला रुदुल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १४ वर्षे तुरुंगात खितपत पडला होता. १९८३ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी मूलभूत हक्कांच्या याचिकेतच त्याला एकूण ३५ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. १९९३ च्या नीलाबती बेहेरा खटल्यात ओडिशातल्या कोठडीमृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये मिळाले. मूलभूत हक्क मोडल्यावर सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येणार नाही, हे तिथे ठामपणे सांगितले गेले. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने पुढचा धागा जोडला: भरपाई राज्याने द्यावी आणि मग दोषी अधिकाऱ्याकडून ती वसूल करण्याचा हक्क राज्याला राहील.

ही वाट मोलाची आहे, पण अरुंद आहे. वस्तुस्थितीबद्दल वाद असेल तर मूलभूत हक्कांच्या अशा रिट याचिकेतून भरपाई मिळणे अवघड होते आणि माणसाला दिवाणी न्यायालयात जावे लागते. तिथे सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस, मग वर्षानुवर्षे तारखा. कस्तुरीलालचा निकाल नंतरच्या निकालांनी बराच बोथट केला असला, तरी मोठ्या पीठाने तो रीतसर रद्द केलेला नाही. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला तेव्हा २०१८ साल उजाडले होते. एवढी चिकाटी आणि एवढे बळ कितीजणांपाशी असते?

अमेरिकेतल्या दोन राज्यांनी उत्तर शोधले आहे. कोलोरॅडोने २०२० मध्ये राज्याच्या कायद्याखालील दाव्यांत हे कवच काढले. अधिकारी सद्भावनेने वागला नाही असे त्याच्या खात्यालाच आढळले, तर त्याच्यावर निकालाच्या रकमेच्या ५ टक्के किंवा २५ हजार डॉलर, यांतले जे कमी असेल तेवढाच भार टाकला. न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये दावा थेट सरकारी संस्थेवर लावण्याची सोय केली. पीडिताला पैसे मिळतात आणि प्रामाणिक शिपायाचे घरही शाबूत राहते.

आपल्यालाही असाच सरळ कायदा हवा: पोलिसांच्या बेकायदा कृत्याची भरपाई राज्याने द्यावी आणि जाणूनबुजून गुन्हा करणाऱ्याकडून ती वसूल करावी. ही मागणी नवी नाही. विधी आयोगाने १९५६ मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात असा कायदा सुचवला होता. पेढीच्या विरुद्ध निकाल देतानाच गजेंद्रगडकरांनी ही स्थिती समाधानकारक नाही असे सांगून कायदेमंडळाने लक्ष घालावे, असे लिहून ठेवले. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आली, पण कायदा झाला नाही. तो व्हावा म्हणून आपण मतदारांनी आपापल्या खासदाराला विचारले पाहिजे.